टायमर बंद, थर्मोस्टॅट बंद, तरी बॉयलर पेटतोच

घरातलं पाणी आणि खोल्या तापवणाऱ्या आमच्या गॅस बॉयलरचं दुखणं पहिल्यांदा कळलं ते दह्यामुळे.

गेल्या जुलैतली गोष्ट. आई-बाबा साताऱ्याहून आमच्याकडे इंग्लंडात, रेडिंगला आले होते. इथल्या घरात विरजण लावायला उबदार जागा कोणती, हा प्रश्न आईने दुसऱ्याच दिवशी सोडवला. वरच्या मजल्यावर जिन्याशेजारी गरम पाण्याच्या सिलिंडरचं कपाट असतं, इकडे त्याला एअरिंग कपबोर्ड म्हणतात. तिथल्या चादरी-टॉवेलांच्या फळीवर तिने पातेलं ठेवायला सुरुवात केली. सिलिंडरला फोमचं जाड आवरण असतं, त्यामुळे कपाटात ऊब बेताचीच. रात्री दहाला विरजण लावलं की सकाळी सुरीने कापावं असं दही. दोन आठवडे सगळं छान. मग एका सकाळी पातेल्यात वर पिवळसर पाणी आणि खाली रवाळ चोथा. आईने दुधाला दोष दिला. पुढचे चार दिवस पुन्हा चांगलं दही, पाचव्या दिवशी पुन्हा पाणी. "दुधाचं काही नाही रे," ती म्हणाली, "तुझं ते कपाटच काही काही रात्री तापतं."

आमचं हीटिंग, म्हणजे खोल्या तापवणं, मे महिन्यापासून बंद होतं. गरम पाणी पहाटे पाच ते सहा आणि रात्री आठ ते नऊ, बस. रात्रभर कपाट तापायचं काही कारणच नव्हतं. मी रोज सकाळी गॅस मीटरचा आकडा लिहायला लागलो. चांगल्या दिवशी साधारण दीड घनमीटर, दही फाटायच्या दिवशी अडीच-पावणेतीन. एक घनमीटर गॅस म्हणजे बिलावरची ढोबळ ११ युनिटं. म्हणजे एखाद्या रात्रीत दहा-बारा युनिटं कुणाच्याही उपयोगाला न येता उडत होती.

दोष सापडायला पाच आठवडे लागले. त्यातले चार माझ्या चुकीच्या पद्धतीमुळे गेले, म्हणून हे सविस्तर लिहितोय. आपल्यापैकी बरेच जण इंग्लंडात येतात तेव्हा बॉयलर हा प्रकार पहिल्यांदाच बघतात. भाड्याच्या घरात तो घरमालकाचा असतो, स्वतःच्या घरात तो अचानक आपला होतो. पुस्तिका कुठल्यातरी खणात असते आणि कुणी उघडत नाही.

एक गोष्ट आधी डोक्यात पक्की करा: बॉयलर मनाने पेटत नाही. तो हुकमाचा ताबेदार आहे. एका तारेवरून २३० व्होल्ट आले की तो पेटतो, गेले की विझतो. नव्या बॉयलरमध्ये तारेच्या जागी डिजिटल निरोप असेल, पण तत्त्व तेच. त्यामुळे 'बॉयलर बिघडला' म्हणून त्याचं तोंड उघडण्याआधी हुकूम कोण देतंय ते शोधायचं. बहुतेक वेळा गुन्हेगार बॉयलरपासून लांब, दुसऱ्या मजल्यावर किंवा दुसऱ्याच्या खिशातल्या फोनमध्ये असतो.

खरंच पेटतोय का?

आवाज येतो म्हणजे पेटलाच असं नाही. हीटिंग बंद झाल्यावरही पंप आणि पंखा काही मिनिटं फिरत राहतात, आतली उष्णता बाहेर काढून टाकण्यासाठी. त्याला पंप ओव्हररन म्हणतात आणि तो असायलाच हवा. डिस्प्लेवर ज्योतीचं चिन्ह आहे का, किंवा ज्योतीचा दिवा लागलाय का, ते बघा. खात्री करायची असेल तर स्वयंपाकाची शेगडी बंद ठेवून थेट गॅस मीटरसमोर दोन मिनिटं उभे राहा. शेवटचे आकडे सरकले तर पेटलाय. घरातल्या स्मार्ट मीटरच्या छोट्या पडद्यावर विसंबू नका, गॅसचा आकडा तिथे अर्ध्या-अर्ध्या तासाने येतो.

थंडीत पेटत असेल तर आणखी एक निरुपद्रवी कारण असतं. आतलं पाणी गोठण्याच्या जवळ आलं, साधारण ५ अंशांच्या आसपास, की बॉयलर स्वतःला वाचवण्यासाठी थोडा वेळ पेटतो. गॅरेजमध्ये किंवा माळ्यावर बॉयलर असेल तर जानेवारीत हे हमखास होतं. याला हात लावू नका. भारतात महिनाभर जाताना 'कशाला उगाच' म्हणून बॉयलरचा मुख्य स्विच बंद करून जाणारे लोक मी पाहिले आहेत, आणि परत आल्यावर फुटलेला पाइप पाहणारेही तेच.

घरात सिलिंडर नाही? मग तुमचा कॉम्बी

घरात कुठेही गरम पाण्याची टाकी नसेल, तर तुमच्याकडे कॉम्बी बॉयलर आहे. नळ सोडला की पेटतो आणि तिथल्या तिथे पाणी तापवतो. कॉम्बीच्या बाबतीत 'उन्हाळ्यात मधूनच अर्धा मिनिट पेटतो आणि विझतो' अशी तक्रार सगळ्यात जास्त असते, आणि बहुतेकदा तो दोषच नसतो. नळ सोडल्यावर पाणी पटकन गरम यावं म्हणून आतली पाणी तापवणारी प्लेट हा बॉयलर कोमट ठेवतो. ती गार झाली की थोडा पेटतो. कुणी याला प्रीहीट म्हणतं, कुणी कम्फर्ट, कुणी वॉर्म स्टार्ट. इको नावाचं बटण असेल तर ते चालू करा आणि एक दिवस थांबा. पेटणं थांबलं तर विषय संपला. किंमत एवढीच, की सकाळी गरम पाण्यासाठी नळ काही सेकंद जास्त सोडून ठेवावा लागेल.

इकोवरही पेटत असेल तर बॉयलरच्या खाली जे पाइप शिरतात, त्यातला थंड पाण्याचा छोटा आयसोलेशन व्हॉल्व्ह बंद करा. कोणता पाइप कशाचा हे पुस्तिकेत चित्रासकट असतं. गरम पाणी बंद होईल, तेवढा वेळ चालवून घ्या. आता पेटायचा थांबला, तर हुकूम नळाच्या बाजूने येतोय. एखाद्या गरम नळाची बारीक धार, शॉवरच्या मिक्सरमध्ये थंड-गरम पाण्याची आपसात होणारी गळती, किंवा वॉशिंग मशीनचा, फ्लशच्या टाकीचा व्हॉल्व्ह झटक्यात बंद झाल्यावर पाइपात बसणारा धक्का. त्या धक्क्याने बॉयलरमधलं प्रवाह मोजणारं छोटं चक्र क्षणभर फिरतं आणि त्याला वाटतं कुणीतरी नळ सोडला. यावर प्लंबर धक्का शोषणारी छोटी कुपी बसवतो. थंड पाणी तोडूनही पेटतच राहिला, तर हुकूम हीटिंगच्या बाजूने आहे, पुढे वाचा.

आणि गरम पाण्याचा नळ सोडल्यावर रेडिएटर, म्हणजे खोल्या तापवणारे भिंतीवरचे पत्रे, तापत असतील, तर तो वेगळा रोग, रेडिएटरकडचं पाणी वळवणारा आतला डायव्हर्टर व्हॉल्व्ह अर्धवट अडकलाय. ते काम गॅसवाल्याचं.

हुकूम देणारे हात

सिलिंडर असो वा कॉम्बी, हीटिंगचा हुकूम देणाऱ्यांची रांग लावा आणि एकेकाला गप्प करा. प्रोग्रॅमरवर, म्हणजे हीटिंगच्या आणि गरम पाण्याच्या वेळा लावायच्या यंत्रावर, 'टायमर' नव्हे तर स्पष्ट 'ऑफ'. खोलीतला थर्मोस्टॅट, म्हणजे खोली हवी तेवढी तापली की हुकूम थांबवणारं उपकरण, सगळ्यात खाली. सिलिंडर असेल तर त्याच्या पोटावर पट्ट्याने बांधलेला छोटा थर्मोस्टॅट बघा. तो ६० अंशांवर असावा आणि धातूला घट्ट टेकलेला असावा. पट्टा ढिला झाला की त्याला पाणी तापल्याचं कळतच नाही आणि तो ठरलेल्या वेळेत सारखा मागत राहतो.

स्मार्ट थर्मोस्टॅटवाल्यांनी दोन गोष्टी आठवाव्यात. एक, तुम्ही सहाला २० अंश मागितले असतील तर बरेचसे थर्मोस्टॅट पावणेपाच-पाचलाच पेटवायला सुरुवात करतात, कारण सहाला खोली २० वर आणून ठेवायची असते. हे सेटिंग बंद करता येतं. दोन, घरातल्या प्रत्येक फोनवर ते ॲप आहे का बघा. आमच्याकडे बायकोच्या फोनवर 'घराजवळ आले की हीटिंग चालू' हे सेटिंग मागच्या हिवाळ्यात कधीतरी पडलं होतं. आम्ही दोघांनीही महिनाभर एकमेकांवर संशय घेतला. तो प्रकार निराळा, पण सांगून ठेवलेला बरा.

बिनतारी थर्मोस्टॅट असेल तर बॉयलरजवळ त्याचा रिसीव्हर असतो, एक दिवा आणि बहुधा एक बटण. ते बटण चुकून दाबलं गेलं तर हीटिंग हाताने चालू होतं. थर्मोस्टॅटचे सेल संपत आले आणि संपर्क तुटला, तर काही रिसीव्हर घर गोठू नये म्हणून तासातली काही मिनिटं स्वतःच बॉयलर पेटवतात. सेल बदलून पाहायला काही जात नाही. आणि थर्मोस्टॅट पूर्ण खाली केल्यावर 'टिक्' असा आवाज येऊन रिसीव्हरचा दिवा गेला, तरी बॉयलर पेटलेलाच राहिला, तर एक तर आतली रिले, म्हणजे हुकमाने चालणारा स्विच, चिकटली आहे किंवा गुन्हेगार त्याच्याही पुढे आहे.

प्रोग्रॅमरचं घड्याळही बघून घ्या. मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी इथली घड्याळं तासभर सरकतात, जुने प्रोग्रॅमर सरकत नाहीत. आणि खुंट्यांची चकती असलेला टायमर वीज गेली की तेवढा वेळ थांबून राहतो. आमच्या पहिल्या भाड्याच्या घरात तो साडेतीन तास मागे होता आणि आम्ही तसेच वर्षभर राहिलो.

मी इथे चुकलो

आमचा बॉयलर कॉम्बी नाही. खाली स्वयंपाकघरात बॉयलर, वर कपाटात सिलिंडर, आणि कपाटात दोन मोटारचे व्हॉल्व्ह. एक रेडिएटरकडे जाणाऱ्या पाण्याचं दार, दुसरं सिलिंडरच्या पोटातलं पाणी तापवणाऱ्या नळीकडे जाणाऱ्या पाण्याचं. इथल्या कारागिरांच्या भाषेत एस-प्लॅन.

पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मी कॉम्प्युटरवाला करतो तेच केलं. भिंतीवरचा फ्यूज स्विच बंद करून पुन्हा चालू. बॉयलर शांत. चार दिवस शांत. मला वाटलं जिंकलो. पाचव्या रात्री पुन्हा. मग एका हीटिंगवाल्याला बोलावलं. तो वीस मिनिटं थांबला, म्हणाला थर्मोस्टॅट जुना झालाय, नवीन बसवला. बरोबर पाच दिवस बरं वाटलं. मग मी प्रोग्रॅमर बदलायच्या तयारीत होतो. तोपर्यंत मला हे कळलं नव्हतं, की या दोषात काहीही केलं तरी चार दिवस बरं वाटतं. वीज तोडली, जोडली, कशालाही हलवलं की अडकलेली गोष्ट सुटते. ती पुन्हा अडकेपर्यंत आपण ज्याला हात लावला तो इलाज ठरतो. बदललेले सुटे भाग घरात साठत जातात आणि रोग तिथेच.

तेव्हा पहिली सूचना, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची: चोर घरात असताना दिवे घालवू नका. बॉयलर विनाकारण पेटलेला सापडला की स्विचकडे धावू नका. आधी हाताने, डोळ्याने सगळी साखळी बघून घ्या, फोनवर फोटो काढा, मग बंद करा.

आता व्हॉल्व्हबद्दल, कारण सिलिंडर असलेल्या घरांत हा दोष इतका सर्रास आढळतो, की मी कुणाच्या घरी गेलो आणि ते म्हणाले 'बॉयलर बंदच होत नाही', तर आधी कपाट उघडीन.

अशा घरांत थर्मोस्टॅट बॉयलरला थेट हुकूम देत नाही. तो व्हॉल्व्हला देतो. व्हॉल्व्हच्या डोक्यावरच्या पत्र्याच्या डबीत एक छोटी मोटार असते. हुकूम आला की ती स्प्रिंगच्या विरुद्ध ताकद लावून दार उघडते. दार पूर्ण उघडलं की डबीतला एक लहानसा स्विच दाबला जातो, आणि तो स्विच बॉयलरला आणि पंपाला सांगतो: दार उघडलंय, पेटव. हुकूम गेला की स्प्रिंग दार लावते, स्विच सुटतो, बॉयलर विझतो. आधी दार, मग आग. हिशेब शहाणपणाचा आहे, कारण बंद दारावर पंप आपटत बसू नये.

या डबीतून पाच तारा निघतात. तपकिरी तार थर्मोस्टॅटकडून मोटारीला हुकूम आणते. निळी न्यूट्रल, हिरवी-पिवळी अर्थिंग. करड्या तारेत कायम वीज असते. नारिंगी तार बॉयलरकडे जाते. तो छोटा स्विच करडी आणि नारिंगी जोडतो-तोडतो, त्याला दुसरं काम नाही. तेव्हा स्विचची पत्ती आत चिकटून राहिली, तर दार बंद असो, थर्मोस्टॅट भिंतीवरून उतरवून कचऱ्यात टाकलेला असो, करडीतली वीज नारिंगीतून बॉयलरला जातच राहते. नवा थर्मोस्टॅट बसवून आमचं का भागलं नाही ते इथे कळेल. थर्मोस्टॅटचा शब्द या तारेपर्यंत पोचतच नव्हता.

बाबांना हे समजावताना त्यांनी मला मध्येच थांबवलं. "म्हणजे आपल्या गिझरसारखंच." साताऱ्याच्या घरी बाथरूमच्या बाहेर गॅसचा गिझर होता, दोन जाड सेलवर ठिणगी पाडणारा. त्यात पाण्याच्या दाबाने रबराचा पडदा फुगतो, पडदा एक पिन ढकलतो, पिन छोटा स्विच दाबते. आमच्या क्षारांच्या पाण्याने ती पिन दर वर्षी अडकायची आणि नळ बंद केला तरी गिझर जळत राहायचा. तेव्हा आम्ही आधी सेल उपसायचो आणि मग मेकॅनिकला फोन करायचो. तेच भावंड, फक्त कोट-टाय घातलेलं.

पकडला

ती रात्र शुक्रवारची होती. पावणेतीनला बाबा पाणी प्यायला खाली उतरले आणि त्यांना बॉयलरचा घूं ऐकू आला. त्यांनी मला उठवलं, आणि सांगितल्याप्रमाणे कशालाही हात लावला नव्हता. खाली डिस्प्लेवर ज्योत. प्रोग्रॅमरवरचे दोन्ही दिवे बंद. रिसीव्हरचा दिवा बंद. म्हणजे हुकूम कुणाचाच नाही. पाच-सहा मिनिटं बघत उभा राहिलो. ज्योत विझायची, तापमान खाली यायचं, पुन्हा पेटायची. गरम पाणी कुठेच जात नसल्यासारखं.

वर कपाट उघडलं तर गरम हवेचा लोट. पंप फिरत होता. दोन्ही व्हॉल्व्हच्या डबीच्या बाजूला एक छोटी दांडी असते. दार बंद असलं की ती सरकवताना स्प्रिंगचा जोर जाणवतो, मोटारने दार उघडलेलं असलं की ती ढिली लागते. रेडिएटरच्या व्हॉल्व्हची दांडी जोर देत होती, म्हणजे बंद. सिलिंडरच्या व्हॉल्व्हचीही तशीच, म्हणजे तोही बंद. त्याच्या पुढचा पाइप कोमट. मग गरम पाणी जातंय कुठे? खालच्या अंगाला बायपासचा एक आखूड पाइप आहे, दोन्ही दारं बंद असताना पंप गुदमरू नये म्हणून ठेवलेली चोरवाट. त्याला बोट टेकवलं आणि चटका बसला. तो पाइप चादरींच्या फळीच्या बरोबर खाली आहे. दह्याचा उलगडा झाला.

दोन्ही दारं बंद, हुकूम नाही, तरी पंप आणि बॉयलर चालू. म्हणजे दोनपैकी एका डबीतला स्विच चिकटलाय. आई स्वयंपाकघरात डिस्प्लेसमोर, बाबा जिन्याच्या मध्यावर, मी वर. स्क्रूड्रायव्हरच्या प्लॅस्टिकच्या मुठीने रेडिएटरच्या व्हॉल्व्हच्या डबीवर दोन टिचक्या. खालून काही नाही. सिलिंडरच्या व्हॉल्व्हवर दोन टिचक्या. आतून बारीक 'टिक्', आणि खालून आईचा आवाज: "गेला! गेला दिवा!" शेजाऱ्यांची भिंत सामाईक आहे हे ती विसरली. पंप आणखी तीन-चार मिनिटं गुरगुरला आणि थांबला.

टिचकीने सुटलं म्हणून टिचकीवर राहू नका. मी दोन दिवस राहिलो, तिसऱ्या रात्री पुन्हा अडकला. आणि डबीचं झाकण उघडून बघायचा मोह टाळा. आत २३० व्होल्ट असतात, आणि काही घरांत जुन्या वायरिंगमुळे बॉयलरचा फ्यूज बंद केला तरी एखादी तार जिवंत राहते. दुसऱ्या हीटिंगवाल्याने अडकलेला असतानाच व्होल्ट मोजायचा मीटर लावून दाखवलं: तपकिरीवर शून्य, नारिंगीवर २३०. एवढे दोन आकडे मिळाले की दुसरा संशयित उरत नाही. तुमच्याकडे येणाऱ्या माणसाला हेच करून दाखवायला सांगा. त्याने मीटर न काढताच 'बॉयलरचा बोर्ड बदलावा लागेल' म्हटलं, तर आणखी एकाचं मत घ्या.

बहुतेक नव्या व्हॉल्व्हची डबी वेगळी निघते, पाणी उतरवावं लागत नाही. पण नुसती डबी बदलायच्या आधी एक गोष्ट बघून घ्यावी लागते. डबी काढल्यावर खाली पितळी दांडा दिसतो, तो बोटांनी फिरला पाहिजे. आमचा पक्कडीशिवाय हलेना. पाइपातल्या काळ्या गाळाने तो आखडला होता, म्हणून मोटारला रोज जास्त जोर लावावा लागे आणि डबी तापून स्विच खराब झाला, असं त्या माणसाचं म्हणणं. नवी डबी बसवली असती तर तिचीही तीच गत झाली असती. शेवटी पाणी उतरवून पूर्ण व्हॉल्व्ह बदलला, पाइपात गंजरोधक रसायन घातलं. अर्धा दिवस गेला. तुमच्या दांड्याच्या मुळाशी हिरवट डाग दिसले, तर तिथून थेंब थेंब पाणी डबीत उतरतंय, मग तर पूर्ण व्हॉल्व्हच बदला.

तुमच्याकडे दोनाऐवजी एकच तीन तोंडांचा व्हॉल्व्ह असेल, म्हणजे वाय-प्लॅन, तर तारांचे रंग आणि अर्थ वेगळे, वरचा हिशेब जसाच्या तसा लावू नका. त्या प्रकारात हीटिंग बंद झाल्यावरही व्हॉल्व्हचं डोकं वीज धरून त्याच जागी बसून राहू शकतं आणि हाताला गरम लागतं. त्यात दोष नाही. दोष तेव्हा, जेव्हा खाली ज्योत असते.

उलटा प्रकारही होतो आणि तो जास्त त्रासाचा. स्विचबरोबर दारही उघडंच अडकलं, तर सिलिंडरचं पाणी ६० च्या वर तापत जातं. नळाचं पाणी नेहमीपेक्षा चटका देणारं येत असेल, तर बॉयलर लगेच बंद करा, लहान मुलांना नळापासून दूर ठेवा आणि त्याच दिवशी माणूस बोलवा. सिलिंडर थेट मेन लाइनच्या दाबावरचा असेल, तर त्याला हात लावणाऱ्याकडे त्याचं वेगळं प्रशिक्षण लागतं, ते विचारून घ्या.

गॅसच्या बाबतीत तडजोड नाही. बॉयलरचं जळणाचं आवरण उघडणं हे गॅस सेफ रजिस्टरवर नाव असलेल्या माणसाचंच काम, कायद्यानेच. २००९ च्या एप्रिलपर्यंत ही नोंदणी कॉर्गी नावाने होती, म्हणून आमचे शेजारी अजून 'कॉर्गीवाला बोलव' म्हणतात. माणूस आला की त्याचं ओळखपत्र उलटं करून बघा, कोणकोणती कामं करायची परवानगी आहे ते मागे छापलेलं असतं. गॅसचा वास आला तर तपास-बिपास काही नाही. खिडक्या उघडा, स्विचला हात लावू नका, बाहेर येऊन ०८०० १११ ९९९ ला फोन करा. आणि बॉयलर असलेल्या खोलीत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म नसेल तर हे वाचून झाल्यावर पहिलं काम तेच.

गॅसचा मीटर पुन्हा रोज दीडवर आलाय, सहा आठवडे झाले. जुनी डबी बाबांनी जाताना मागून घेतली, साताऱ्यात गिझरच्या मेकॅनिकला दाखवायची आहे म्हणे. आई मात्र निघेपर्यंत कुरकुरत होती. कपाट आता पूर्वीपेक्षा गार राहतं, आणि दही लागायला सकाळचे नऊ वाजतात.